घोट्याचं हाड उघडं पडलंय, तरी पहिल्या रात्री प्लेट का टाकत नाहीत?

“का ओ साहेब, हाड बाहेर दिसतंय की! एकदाचं प्लेट टाकून शिवून का टाकत नाही?”

उसाचा हंगाम सुरू झाला की सोलापुरात आम्हा हाडांच्या सर्जनच्या ऑपरेशन थिएटरबाहेर हा प्रश्न हमखास कानावर येतो. विचारणारा बहुधा पेशंटचा भाऊ नाहीतर मेहुणा असतो. मोहोळ, टेंभुर्णी नाहीतर मंगळवेढ्याकडून रात्रीच निघून आलेला, शर्टावर वाळलेलं रक्त, हातात एक्स-रेचं पाकीट. अंधारात रस्त्याकडेला उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मोटारसायकल मागून गेलेली असते आणि चप्पल घातलेला पाय मधे सापडलेला असतो. आम्ही सांगतो, आज फक्त जखम धुणार आणि बाहेरून सळया लावणार. प्लेटचं नंतर बघू. त्याच्या चेहऱ्यावर शंका उमटते. हे टाळतायत का? बिल वाढवतायत का? दोनदा भूल कशाला द्यायची?

ती शंका रास्त आहे आणि दारात उभ्याउभ्या दोन मिनिटांत ती फिटत नाही. म्हणून इथे जरा सविस्तर सांगतो.

आधी गाभ्याची गोष्ट. एक्स-रेत फक्त हाड दिसतं. पण घोट्याच्या उघड्या फ्रॅक्चरमध्ये पाय वाचणार की नाही हे बरंचसं एक्स-रेत न दिसणाऱ्या गोष्टींवर ठरतं, म्हणजे कातडी, तिच्याखालचं मांस आणि तिथला रक्तपुरवठा. हाड काही दिवसांनी जुळवलं तरी चालतं. एकदा मेलेली कातडी मात्र कोणालाच जिवंत करता येत नाही.

स्वतःच्या पायावर हात फिरवून बघा. पोटरी मांसल असते, बोटं आत रुततात. तिथून खाली घोट्याकडे या. आतल्या बाजूचा गोल उंचवटा हा नडगीच्या मोठ्या हाडाचा शेवट आणि बाहेरचा उंचवटा हा शेजारच्या बारीक हाडाचा शेवट. दोन्हीवर फक्त कातडी. मांस जवळजवळ नाहीच, आहेत ते स्नायू हाडाला जोडणारे दोरीसारखे चिवट बंध, ज्यांना आम्ही टेंडन म्हणतो. मांडीचं हाड मोडून बाहेर आलं तर त्याच्याभोवती भरपूर मांस असतं, ते रक्त पुरवतं आणि जंतूंशी लढतं. घोट्याला ती श्रीमंती नाही. इथे कातडी गेली की थेट हाड उघडं.

या दोन हाडांची मिळून एक चौकट होते आणि तिच्यात टॅलस नावाचं हाड घट्ट बसतं. ही बसणूक किती नेमकी आहे, हे रॅमसे आणि हॅमिल्टन या संशोधकांनी १९७६ साली मोजून दाखवलं. टॅलस फक्त १ मिलिमीटर बाहेर सरकला तर सांध्यातल्या दोन पृष्ठभागांचा एकमेकांना टेकणारा भाग सरासरी ४२ टक्क्यांनी कमी होतो. वजन तेवढंच, ते पेलणारी जागा मात्र निम्म्याच्या आसपास. मग कूर्चा, म्हणजे हाडाच्या टोकावरचा गुळगुळीत थर, झिजते आणि सांधा अकाली दुखायला लागतो. त्यामुळे हाड नेमकं बसवायला हवं यात वाद नाही. प्रश्न आहे तो कधी, एवढाच.

बऱ्याच घोट्यांत जखम बाहेरून काही घुसल्यामुळे होतच नाही. पाऊल बाहेरच्या बाजूला मुरगळतं, टॅलस चौकटीतून निसटतो, आतल्या बाजूची कातडी ताणली जाते आणि आडवी फाटते. म्हणूनच ही जखम बहुतेक वेळा आतल्या उंचवट्यावर असते. म्हाताऱ्या माणसांची कातडी कागदासारखी पातळ झालेली असते, त्यांना मोरीत पाय घसरणंही पुरतं. उंचावरून पडल्यावर किंवा वेगात धडकल्यावर प्रकार वेगळा असतो. टॅलस खालून वर नडगीच्या टोकावर आदळतो आणि त्या टोकाचा चुरा होतो. या फ्रॅक्चरला पिलॉन म्हणतात. पिलॉन हा फ्रेंच शब्द आहे, अर्थ बत्ता. खलात बत्ता आपटल्यावर शेंगदाण्याचं जे होतं, ते डोळ्यांसमोर आणा.

उघड्या फ्रॅक्चरची प्रतवारी गुस्टिलो आणि अँडरसन या सर्जननी १९७६ साली मांडली आणि १९८४ साली तिसऱ्या प्रकाराचे आणखी तीन भाग पाडले गेले. पहिल्या प्रकारात जखम १ सेंटिमीटरपेक्षा लहान आणि स्वच्छ. दुसऱ्यात त्याहून मोठी, पण मांस फारसं चिरडलेलं नाही. तिसरा प्रकार गंभीर. त्यातल्या ‘ए’मध्ये हाड झाकायला पुरेशी कातडी-मांस शिल्लक असतं, ‘बी’मध्ये ते नसतं, दुसरीकडून आणावं लागतं, ‘सी’मध्ये मुख्य रक्तवाहिनीच तुटलेली असते आणि ती जोडावी लागते. आपल्या जिल्ह्यासाठी यातला एक नियम महत्त्वाचा आहे. जखम शेतात, गोठ्यात किंवा गटाराच्या पाण्यात झाली असेल, तर ती दिसायला बोटाएवढी असली तरी थेट तिसऱ्या प्रकारात धरतात. काळ्या मातीत आणि शेणात असे जंतू असतात की ज्यांना हवा नसलेलं मेलेलं मांस फार मानवतं. म्हणून रोटाव्हेटरमध्ये किंवा मळणीयंत्रात पाय गेलेल्या माणसाची लहानशी जखम टाके घालून गावातच बंद करून पाठवली की माझ्या छातीत धस्स होतं. ती घाण आत कोंडली गेलेली असते.

पहिला तास

रस्त्यावर असताना करायचं ते थोडंच आहे, पण ते फार मोलाचं आहे. हळद, चहाची पूड, माती, राख, टूथपेस्ट, काहीही लावायचं नाही. हे मी हात जोडून सांगतो. स्वच्छ कापड घट्ट धरून रक्त थांबवायचं, पाय जसा असेल तसा दोन्ही बाजूंनी उशी किंवा पुठ्ठा लावून बांधायचा. बाहेर आलेलं हाड बोटाने आत ढकलायचं नाही. चप्पल, पैंजण आणि जोडवी लगेच काढायची, कारण तासाभरात पाऊल एवढं सुजतं की जोडवं बोटात रुतून बसतं. ते कापायला घेतलं की कितीतरी मावशींच्या डोळ्यांत हाड मोडल्यापेक्षा जास्त पाणी येतं. तहान लागली तरी पाणी, चहा देऊ नका. भूल द्यायची असते. १०८ ला फोन करा. आणि अनोळखी माणसाला उचलून आणणारा असाल तर घाबरू नका. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४ ए आलं आहे. चांगल्या हेतूने मदत करणाऱ्याला ते संरक्षण देतं. नाव सांगायची किंवा साक्षीदार व्हायची सक्ती करता येत नाही.

कॅज्युअल्टीत आल्यावर आम्ही पहिल्यांदा पायाकडे बघतच नाही, याचंही नातेवाइकांना आश्चर्य वाटतं. श्वास, छाती, पोट, डोकं आधी. पाय भयानक दिसतो म्हणून सगळ्यांचं लक्ष तिकडे जातं आणि पोटातला रक्तस्राव राहून जातो. मग पावलाची नाडी दोन ठिकाणी, एक पावलावर आणि एक आतल्या घोट्यामागे. तळव्याला स्पर्श कळतोय का. जखमेचा एक फोटो काढून ती झाकून टाकायची. प्रत्येक नव्या डॉक्टरने पट्टी उघडून बघितली तर प्रत्येक वेळी वॉर्डातले जंतू आत जातात; फोटो त्यासाठी असतो. काही जणांना वाटतं, हे फोटो कसले काढतायत.

त्याच वेळी अँटिबायोटिकचं इंजेक्शन. जखम झाल्यापासून शक्यतो एका तासाच्या आत ते शिरेतून जावं असं आज मानलं जातं. उपचाराच्या सगळ्या साखळीत एवढी स्वस्त आणि एवढी कामाची गोष्ट दुसरी नाही. तालुक्याच्या ठिकाणीच ते देऊन, वेळ चिठ्ठीवर लिहून पेशंट सोलापूरला पाठवला तर निम्मं काम तिथेच होतं. सोबत धनुर्वाताचं इंजेक्शन. घोटा निखळून कातडी आतून ताणली गेली असेल तर एक्स-रेची वाट न बघता तो ओढून सरळ करायचा आणि प्लास्टरचा स्लॅब बांधायचा. पांढरी पडलेली, ताणलेली कातडी तासातासाने मरत असते.

‘धुवायला नेलं’

वॉर्डात याला वॉश म्हणतात. नातेवाईक एकमेकांना फोनवर सांगतात, “धुवायला नेलंय.” शब्दामुळे वाटतं, नुसतं पाणी ओतायचं काम आहे. माझ्या मते सगळ्या उपचारातलं सर्वात अवघड आणि सर्वात महत्त्वाचं ऑपरेशन हेच आहे. ते नवख्या हातात सोपवू नये.

जखम आधी मोठी करावी लागते, कारण आतला नाश वरच्या फटीपेक्षा कितीतरी पसरलेला असतो. मग मांसाचा एकेक पदर तपासायचा. रंग लाल आहे का, हाताला लागताना घट्ट आहे का लिबलिबीत, चिमटा घेतला तर आकसतो का, कापला तर रक्त येतं का. चारही परीक्षांत नापास झालेलं मांस ठेवायचं नाही. ते जंतूंचं खाद्य असतं. हाडाचे सुटे तुकडे चिमट्याने हलकेच ओढून बघायचे. कशालाही न चिकटलेला तुकडा सहज हातात आला तर तो मेलेला, काढून टाकायचा. अपवाद सांध्याच्या पृष्ठभागाच्या मोठ्या तुकड्यांचा. ते जपतात, नाहीतर चौकटच उरत नाही.

त्यानंतर सलाइन. तिसऱ्या प्रकारच्या जखमेला रूढ माप ९ लिटरचं आहे, म्हणजे अर्ध्या लिटरच्या १८ बाटल्या. साबणाच्या पाण्याने किंवा पंपाच्या जोराच्या धारेने जास्त स्वच्छ होईल असं पूर्वी वाटायचं. २०१५ साली भारतासह काही देशांत मिळून सुमारे अडीच हजार रुग्णांवर झालेल्या मोठ्या अभ्यासाचे निकाल आले. साबणाच्या गटात परत ऑपरेशन करावं लागण्याचं प्रमाण जास्त निघालं आणि धारेच्या जोराने फरक पडला नाही. साधं सलाइन, हळू धारेने, भरपूर. लहान गावातल्या रुग्णालयालाही परवडेल असा हा निकाल आहे, याचा मला खरंच आनंद वाटतो.

हे सहा तासांच्या आत झालंच पाहिजे असा जुना नियम होता. आता जोरदार धडकेच्या जखमेला साधारण १२ तास आणि इतरांना २४ तासांची मुदत धरतात, तेवढ्यात अनुभवी सर्जन आणि नीट थिएटर मिळालं पाहिजे. शेणामातीने, गटाराने बरबटलेली किंवा नाडी गेलेली जखम मात्र रात्री दोन वाजताही लगेच.

आणि मग प्लेटऐवजी सळया. नडगीत वर दोन, टाचेत एक आरपार, बाहेरून त्यांना जोडणारा त्रिकोणी सांगाडा. दिसायला भीतीदायक असतो, पण तो घोट्याची लांबी आणि दिशा राखतो. हाडाची टोकं आतून कातडीला टोचत नाहीत, सूज उतरायला वाव मिळतो आणि जखमेत धातू ठेवावा लागत नाही. भावाच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. प्लेटवर जंतू बसले की ते तिच्यावर चिकट पापुद्रा तयार करतात. त्या पापुद्र्याच्या आत अँटिबायोटिक नीट पोचत नाही, शरीराच्या पेशीही पोचत नाहीत. वर जिवंत कातडीचं पांघरूण नसलेली प्लेट म्हणजे जंतूंना राहायला दिलेली खोली. शिवाय त्या रात्री कोणती कातडी जगणार आणि कोणती मरणार हे कोणालाच पक्कं सांगता येत नाही. सुजलेल्या, पाण्याचे फोड आलेल्या कातडीतून नवा छेद घेतला तर तो मिटतच नाही.

जखम लहान, स्वच्छ आणि ताण न देता मिटणारी असेल तर पहिल्याच बैठकीत प्लेट टाकून जखम बंद करतात, आणि ते बरोबरही आहे. शेजारच्या कॉटवरच्या पेशंटला एकाच ऑपरेशनमध्ये सुट्टी मिळाली आणि आपल्याला का नाही, याचं कारण तेवढंच असतं.

डाळिंबाचं कलम आणि पायाची कातडी

दुसऱ्या दिवशी आम्ही सांगतो, “प्लास्टिक सर्जनना बोलावलंय.” घरचे चमकतात. नाक-ओठ सरळ करणाऱ्या डॉक्टरांचं इथे काय काम? तिसऱ्या प्रकारच्या ‘बी’ जखमेत त्यांचं काम आमच्याइतकंच असतं. हाडाचा आणि प्लास्टिकचा सर्जन पहिल्या दिवसापासून एकत्र बसले तर पाय वाचण्याची शक्यता वाढते.

उघड्या हाडावर मांडीची पातळ कातडी काढून का लावत नाही? कारण त्या कातडीला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. ती खालच्या जमिनीतून ओल शोषून जगते. खाली लाल, जिवंत मांस असेल तर ती चिकटते. कोरडं हाड, उघडं टेंडन किंवा धातू असेल तर वाळून जाते. तिथे फ्लॅप लागतो, म्हणजे कातडी आणि तिच्याखालचा थर स्वतःच्या रक्तवाहिनीसकट हलवायचा. सोलापूरच्या डाळिंबवाल्यांना हे सांगायला मला कधी अडचण येत नाही. तोडलेली फांदी नुसती खडकावर ठेवली तर वाळते. गुटी कलम करताना मात्र फांदी झाडाला लागलेलीच ठेवतात, झाडाचा रस तिला मिळत राहतो, मुळं फुटली की मग तोडतात. पूर्वी एका पायाची कातडी दुसऱ्या पायाच्या जखमेवर जोडून दोन्ही पाय साधारण तीन आठवडे बांधून ठेवायचे, ते हुबेहूब गुटी कलमच. आजही सूक्ष्मदर्शकाखालचं ऑपरेशन शक्य नसेल तिथे तो उपाय पाय वाचवतो. घोट्यासाठी जास्त करून पोटरीच्या मागची कातडी तिच्या देठासकट खाली वळवतात. जखम फार मोठी असेल तर मांडीचा किंवा पाठीचा तुकडा पूर्ण सुटा करून आणतात आणि त्याच्या दोन-तीन मिलिमीटरच्या रक्तवाहिन्या केसाहून बारीक धाग्याने पायातल्या रक्तवाहिन्यांना शिवतात.

हे लवकर करण्याचं महत्त्व युगोस्लाव्हियातल्या ल्युब्लियानाच्या मार्को गोडिना या सर्जनने १९८६ साली ५३२ रुग्णांच्या अनुभवातून दाखवलं. पहिल्या ७२ तासांत झाकलेल्या जखमांत फ्लॅप वाया जाणं आणि जंतुसंसर्ग दोन्ही बरंच कमी होतं. म्हणून आजचा क्रम असा: पहिल्या रात्री धुणं आणि सळया, पुढच्या दोन-तीन दिवसांत सीटी स्कॅन, रक्त, साखर, दोन्ही सर्जनची आखणी, आणि शक्य तिथे एकाच बैठकीत पक्की प्लेट आणि वर फ्लॅप. प्लेट आली की तिचं पांघरूण त्याच दिवशी आलं पाहिजे. जखमेतलं पाणी ओढून घेणारी व्हॅक्यूमची पट्टी मधले दिवस काढायला चांगली आहे, ती फ्लॅपची जागा घेऊ शकत नाही.

हाड बसवताना बहुधा बाहेरच्या बारीक हाडाला प्लेट, आतल्या उंचवट्याला स्क्रू आणि दोन हाडं एकमेकांपासून फाकली असतील तर त्यांना बांधणारा स्क्रू. चुरा फार असेल किंवा संसर्गाची भीती असेल तर प्लेट टाळून पायाभोवती बाहेरून धातूच्या रिंगा. सायबेरियातल्या कुर्गान शहरात गाव्रिल इलिझारोव यांनी ही पद्धत विकसित केली. सायकलच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या ताणलेल्या तारा हाड धरून ठेवतात.

सत्तरीपुढच्या, साखर असलेल्या आजींचा विचार वेगळा करावा लागतो. वॉकर घेऊन महिनोन्महिने मोडलेल्या पायावर वजन न टाकता राहणं त्यांना जमत नाही आणि अंथरुणाला खिळल्या तर छाती भरते, पाठीला जखमा होतात. अशा वेळी टाचेतून वर रॉड घालून घोटा कायमचा सरळ स्थितीत पक्का करून टाकणं कधीकधी जास्त शहाणपणाचं ठरतं. घोटा हलत नाही, पण आजी लवकर उभ्या राहतात.

पाय कापण्याची गोष्ट

“काही करा, पण पाय कापू नका.” हे वाक्य ऐकल्यावर मी खुर्ची ओढून बसतो, कारण इथे घाई चालत नाही. कोइमतूरच्या गंगा हॉस्पिटलमधल्या सर्जननी नडगीच्या अशा उघड्या फ्रॅक्चरसाठी गुणांकन तयार केलं आणि ते जगभर वापरलं जातं. कातडी, हाड, स्नायू यांना वेगवेगळे गुण, शिवाय रक्तदाब, वय, साखर अशांचे गुण. बेरीज १४ किंवा कमी असेल तर पाय वाचवायचा, १७ किंवा जास्त असेल तर कापण्याकडे कल, मधल्या गुणांना सर्जनच्या अनुभवावर आणि घरच्यांच्या परिस्थितीवर निर्णय. अमेरिकेत ५६९ रुग्णांचा पाठपुरावा करून २००२ साली आलेला निष्कर्ष मला पेशंटला सांगावाच लागतो. दोन वर्षांनंतर पाय वाचवलेले आणि पाय कापलेले यांच्या चालण्या-जगण्यात एकंदरीत फारसा फरक नव्हता. म्हणजे वाचवलेला पाय आपोआप चांगला पाय होत नाही. पाच-सहा ऑपरेशनं, वर्षभराचं घरी बसणं आणि शेवटी ताठर, दुखरं पाऊल, याच्या तुलनेत गुडघ्याखाली कापून तीन-चार महिन्यांत कृत्रिम पायावर उभं राहणं एखाद्या कमावत्या माणसाला पटू शकतं. पटलं नाही तर त्याचाही मान राखायचा. पण जीव वाचवण्यासाठी तातडीने कापावा लागत नसेल, तर ही निवड पेशंट शुद्धीवर असताना त्याच्याशी बोलूनच झाली पाहिजे.

पैशाबद्दल थोडं. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतल्या रुग्णालयात योजनेसाठी मदत करणारे आरोग्यमित्र बसलेले असतात, त्यांना पहिल्याच दिवशी भेटा. रस्ते अपघातासाठी २०२५ पासून केंद्राची कॅशलेस योजना आहे: नेमून दिलेल्या रुग्णालयात अपघातापासून ७ दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत.

फ्लॅप झाल्यावर आमच्या हातात कमी आणि घरच्यांच्या हातात जास्त असतं. तंबाखू, बिडी, मिश्री, गुटखा पूर्ण बंद. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि फ्लॅप जगतो तो त्याच बारीक रक्तवाहिन्यांवर. वॉर्डात चोरून मळलेल्या चिमटीमुळे आठ तासांची मेहनत काळी पडलेली मी पाहिली आहे. साखर काबूत हवी. अंडी, डाळी, शेंगदाण्याची चटणी, दूध भरपूर. पाय हृदयापेक्षा उंच ठेवायचा, खाटेवरून खाली लोंबता सोडायचा नाही. सळयांच्या तोंडाशी रोज स्वच्छता. पाणी गळायला लागलं, लाल झालं, ताप आला तर गावातल्या दुकानातून गोळ्या न घेता त्याच दिवशी दाखवायचं. वजन साधारण ६ ते १२ आठवडे टाकायचं नसतं, हाड पक्कं व्हायला चार-सहा महिने आणि कधी वर्षही लागतं. मांडी घालून, उकिडवं बसणं अनेकांना परत पूर्ण जमत नाही. घरी सुट्टी व्हायच्या आधी कमोडची खुर्ची आणून ठेवा.

वर्षभराने तोच भाऊ ओपीडीत येतो. आता त्याचा प्रश्न उलटा असतो: “साहेब, ती प्लेट काढायची ना?” बहुधा नाही. ती टोचत असेल, स्क्रू वर आला असेल किंवा आत संसर्ग असेल तरच. दोन हाडांना बांधणारा स्क्रू कधी आतल्या आत तुटतो, त्याने त्रास नसेल तर तोही राहू द्यावा. फ्लॅपखालची प्लेट तर उगाच काढायला जाऊच नये. ती काढायची म्हणजे जी कातडी जगवण्यासाठी एवढं सगळं केलं, तिच्यावरच परत सुरी चालवायची.